डोक्यावरची माती

मराठवाड्यातील जुन्या घरांवर कौले नसत आणि पत्रेही नसत. त्या घरांच्या डोक्यावर माती असे. जाडजूड भिंतींवर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्यांचा किंवा काटक्यांचा थर आणि त्यावर जाड थराने पसरलेली पांढरी माती, असे ते सपाट छप्पर. त्याला माळवद म्हणतात. उन्हाळ्यात बाहेर फुफाटा उठलेला असताना माळवदाखालच्या खोलीत गारवा असे. कुरडया, पापड, मिरच्या, डाळी यांचे वाळवण माळवदावरच होई आणि रात्री सारे घर तिथेच अंथरुणे टाकून झोपी जाई. पहिला पाऊस पडला की मात्र वर एक निराळेच काम निघे. मातीत दडलेले बी रुजे आणि आठ-पंधरा दिवसांत घराच्या माथ्यावर हिरवी लव दिसू लागे. दिसायला ती मोठी साजरी. पण मुळे खोल गेली की छप्पर गळू लागते. म्हणून घरातील कर्ता माणूस खुरपे घेऊन वर चढे आणि ते गवत मुळासकट उपटून टाकी.

लातूर जिल्ह्यातील एका खेड्यात शिक्षक म्हणून आयुष्य घालवलेल्या एका आजोबांनी असे गवत कित्येक पावसाळे उपटले होते. उतारवयात ते दिल्लीला मुलाकडे राहायला आले आणि त्याच हातांनी छपरावर हिरवळ लावण्याचे त्यांच्या मनाने घेतले. त्याला कारण झाला त्यांचा नऊ वर्षांचा नातू.

नातवाला दमा होता. दिवाळीच्या सुमारास दिल्लीचे आकाश खाली उतरते. वारा पडतो, थंड हवा जमिनीलगत साचून राहते आणि वाहनांचा, कारखान्यांचा, चुलींचा, शेजारच्या राज्यांत जाळल्या जाणाऱ्या भाताच्या खुंटांचा धूर त्या साचलेल्या हवेत मिसळतो. सकाळी समोरची इमारत दिसेनाशी होते. अशा दिवसांत तो मुलगा रात्री-अपरात्री उठून बसे. आई त्याच्या तोंडाला मुखवटा लावून औषधाचा वाफारा देई आणि आजोबा शेजारी बसून त्याच्या पाठीवरून हात फिरवीत राहत. छोट्याशा छातीतून येणारा तो शिट्टीसारखा आवाज त्यांना ऐकवत नसे. खेड्यात त्यांनी दुष्काळ पाहिला होता. पाण्यावाचून तळमळणारी माणसे आणि गुरे पाहिली होती. पण हवा सर्वत्र असूनही श्वासाला पारखे होणे ही गोष्ट त्यांना नवी होती.

दिल्लीच्या हवेतील हा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे हे कण, ज्यांना शास्त्रज्ञ पीएम २.५ म्हणतात, माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे बारीक असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि काही तर रक्तातही उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली घालून दिलेल्या मर्यादेनुसार एक घनमीटर हवेत असे कण वार्षिक सरासरीने ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावेत. भारताने २००९ साली ठरवलेली मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे. दिल्लीची वार्षिक सरासरी मात्र अलीकडच्या वर्षांत शंभराच्या आसपास राहिली आहे. मोठी माणसे हे आकडे वाचून वर्तमानपत्राची घडी घालतात. लहान मुलांची फुप्फुसे अजून वाढत असतात, त्यामुळे त्या आकड्यांची किंमत तीच अधिक मोजतात.

आजोबांनी पस्तीस वर्षे वर्गात एक वाक्य शिकवले होते, ‘झाडे हवा शुद्ध करतात.’ फळ्यावर लिहून, मुलांकडून म्हणवून घेऊन, परीक्षेत रिकाम्या जागेत भरवून. ते वाक्य आता त्यांना आठवले. मुलगा राहत असलेल्या चार मजली इमारतीच्या भोवती झाड लावायला जागा उरलेली नव्हती. मोटारींसाठी सगळे अंगण सिमेंटचे झाले होते. पण वर गच्ची होती. पाण्याच्या काळ्या टाक्या, वाकड्या झालेल्या अँटेना, कुणाची तरी मोडकी सायकल आणि उरलेली मोकळी फरशी. मे महिन्यात त्या फरशीवर अनवाणी पाय ठेवता येत नसे. जमिनीचा जेवढा तुकडा इमारतीने गिळला, तेवढाच तुकडा तिने वर उचलून धरला आहे, असे आजोबांना वाटले. तिथे झाडे लावली तर हवा शुद्ध होईल, नातवाचा श्वास मोकळा होईल, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

त्यांची नात महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र शिकत होती. तिने आजोबांचे म्हणणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “आजोबा, तुमचे वाक्य खरे आहे. पण किती खरे आहे, ते आपण मोजून पाहू या.”

झाडे हवा शुद्ध करतात त्याच्या तीन रीती आहेत. पानांच्या पृष्ठभागावर सूक्ष्म रंध्रे असतात. त्यांतून पान श्वासोच्छ्वास करते आणि तसे करताना हवेतील ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड यांसारखे वायूही आत ओढून घेते. दुसरी रीत धुळीची. वाऱ्याबरोबर वाहत आलेले कण पानांवर, विशेषतः खरखरीत आणि लवदार पानांवर, अडकून बसतात आणि पाऊस आला की धुतले जाऊन मातीत मिसळतात. तिसरी रीत उष्णतेची. मुळांनी शोषलेले पाणी पानांवाटे वाफ होऊन निघून जाते. या क्रियेला बाष्पोत्सर्जन म्हणतात. एक लिटर पाण्याची अशी वाफ होताना भोवतालची सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. उन्हाची जी उष्णता एरवी सिमेंटला तापवण्यात गेली असती, ती पाण्याची वाफ करण्यात संपते. हवा थंड राहण्याचा आणि शुद्ध राहण्याचा निकटचा संबंध आहे. कारण वाहनांच्या धुरातील वायूंपासून जमिनीलगत जो घातक ओझोन तयार होतो, तो कडक उन्हात आणि तापलेल्या हवेत अधिक वेगाने तयार होतो. शिवाय छप्पर गार राहिले की खालच्या खोल्या गार राहतात, वातानुकूलन यंत्रे कमी चालतात आणि तेवढी वीज निर्माण करण्यासाठी जाळावा लागणारा कोळसा वाचतो.

हे सारे प्रत्यक्षात मोजून पाहिलेले एक शहर आहे. १८९३ साली स्वामी विवेकानंदांनी सर्वधर्मपरिषदेत भाषण केले, तेच हे अमेरिकेतील शिकागो. जुलै १९९५ मध्ये तिथे उष्णतेची एक भीषण लाट आली आणि काही दिवसांत ७०० हून अधिक माणसे दगावली. त्यांतील बरीचशी वृद्ध होती, एकाकी होती आणि तापलेल्या छपरांखालच्या खोल्यांत राहत होती. त्यानंतर शहराला थंड ठेवण्याचे जे उपाय सुरू झाले, त्यांत नगरपालिकेच्या इमारतीवर बाग करण्याचा एक उपाय होता. २००१ साली ती बाग पूर्ण झाली. दीडशेहून अधिक जातींची सुमारे २०,००० रोपे त्या छपरावर लावण्यात आली. या इमारतीची गंमत अशी, की तिचा अर्धा भाग शहराच्या नगरपालिकेचा आणि अर्धा भाग कूक परगण्याच्या प्रशासनाचा. बाग झाली ती पहिल्या अर्ध्यावर. दुसऱ्या अर्ध्यावर जुने काळे डांबरी छप्पर तसेच राहिले. ऑगस्ट २००१ मधील एका तळपत्या दुपारी दोन्हींचे तापमान मोजले. डांबरी छप्पर सुमारे ७६ अंश सेल्सिअसला पोचले होते, तर बागेचा लागवड असलेला भाग ३३ ते ४८ अंशांच्या दरम्यान होता. एकच इमारत, एकच सूर्य. फरक केवळ मातीचा आणि पानांचा.

“मग?” आजोबा उत्साहाने म्हणाले.

“थंडाव्याचे उत्तर चांगले आहे. आता शुद्धतेचे पाहा,” नात म्हणाली.

त्याच शिकागोतील हिरव्या छपरांचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. शहरातील १९.८ हेक्टर हिरव्या छपरांनी मिळून एका वर्षात १,६७५ किलो प्रदूषके हवेतून काढून घेतली, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यांत ५२ टक्के ओझोन, २७ टक्के नायट्रोजन डायऑक्साइड, १४ टक्के धूलिकण आणि ७ टक्के सल्फर डायऑक्साइड होता. आकडा ऐकताना मोठा वाटतो. नातीने कागदावर भागाकार केला. हेक्टरमागे वर्षाला सुमारे ८५ किलो. म्हणजे एका चौरस मीटरमागे साडेआठ ग्रॅम. इमारतीच्या गच्चीवर शंभर चौरस मीटरांची लागवड केली, तर वर्षभरात साधारण ८५० ग्रॅम प्रदूषके, आणि त्यांत नातवाच्या छातीत जाणाऱ्या धुळीचा वाटा सुमारे १२० ग्रॅम. दिल्लीची हवा शिकागोपेक्षा अधिक धुळकट आहे, त्यामुळे पानांवर धूळ अधिक बसेल, हे खरे. पण शिकागोत पाऊस आणि बर्फ वर्षभर पडत असतात. दिल्लीच्या हिवाळ्यात कित्येक आठवडे थेंब पडत नाही. धुळीने झाकलेले पान नवी धूळ फार काळ धरून ठेवू शकत नाही. आणि वाऱ्याच्या एका झुळकेबरोबर साऱ्या शहराची हवा त्या गच्चीवरून पुढे निघून जाते.

आजोबा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. पस्तीस वर्षे शिकवलेले वाक्य खोटे ठरले नव्हते. पण त्याला प्रथमच वजन मिळाले होते, आणि ते वजन वर्षाला १२० ग्रॅम होते. दुसरा एखादा माणूस तिथेच थांबला असता. आजोबा म्हणाले, “निदान वरच्या मजल्यावरची खोली गार राहील. घरची मेथी खायला मिळेल. करून पाहू.”

तथापि त्यांच्या मनात एक भय होते आणि ते त्यांनी कोणाला बोलून दाखवले नव्हते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात जो भूकंप झाला, त्यात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या जाड भिंती ढासळल्या आणि वरची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. ज्या मातीने पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून राखले होते, तिच्याखालीच माणसे गाडली गेली. आजोबांनी ढिगारे उपसण्यासाठी हातात फावडे घेतले होते. डोक्यावरच्या मातीला वजन असते, हे त्यांना कुठल्या पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

म्हणून त्यांनी पहिली कुंडी आणण्याआधी एका स्थापत्य अभियंत्याला गच्ची दाखवली. त्याने सांगितलेले गणित त्यांनी वहीत उतरवून घेतले. माणसांचा वावर असलेल्या सपाट छपरावर दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो इतका वापराचा भार भारतीय मानकांत धरलेला असतो. साधी शेतातली माती पाण्याने भिजली, की तिचा केवळ दहा सेंटिमीटरचा थर एका चौरस मीटरवर १६० ते २०० किलो भरतो. म्हणजे वीतभरही नसलेली ओली माती सगळ्या छपराची क्षमता संपवून टाकील. शिवाय मुळे कोब्यात शिरू नयेत म्हणून थर हवा, पाणी साचू नये म्हणून उतार आणि वाट हवी, आणि जड वाफे तुळयांच्या व भिंतींच्या रेषेवरच ठेवायला हवेत. युरोप-अमेरिकेत छपरावरच्या बागांसाठी मुद्दाम हलके, सच्छिद्र मिश्रण वापरतात ते याचसाठी.

हलकी माती कुठून आणावी, या प्रश्नाचे उत्तर आजोबांजवळच्या जुन्या पुस्तकांत होते. गणिताचे अध्यापक असलेले श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या नावाने महाराष्ट्रातील शेतकऱ्यांची एक चळवळ उभी केली होती. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचे पुस्तक आजोबांनी नोकरीत असताना वाचले होते. माती ही विकत आणायची वस्तू नाही, पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातील ओला कचरा कुजवून ती घरच्या घरी तयार करता येते, हा त्यातील विचार त्यांच्या मनात रुजलेला होता. मुंबईत तो विचार प्रत्यक्षात उतरलेलाही होता. तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टचे मध्यवर्ती स्वयंपाकघर सुमारे ३,००० कर्मचाऱ्यांसाठी रोज अन्न शिजवीत असे. त्या स्वयंपाकघरातील माणसांनी २००२ च्या सुमारास भाज्यांची देठे, साली आणि इतर ओला कचरा कचरागाडीत टाकण्याऐवजी गच्चीवर नेला आणि त्यातून सुमारे ३,००० चौरस फुटांची फळभाज्यांची बाग फुलवली. पाल्याची अशी माती साध्या मातीपेक्षा बरीच हलकी असते आणि पाणीही धरून ठेवते.

इमारतीच्या गृहनिर्माण संस्थेची सभा झाली. छप्पर गळेल, डास होतील, मुले कठड्याशी जातील, सार्वजनिक जागेवर एकाच घराचा हक्क बसेल, असे आक्षेप निघाले. त्यांतील एकही आक्षेप निरर्थक नव्हता. आजोबांनी प्रत्येकाची नोंद केली. गच्चीच्या एका बाजूलाच लागवड करायची, वाफ्यांखाली विटा ठेवून फरशी मोकळी राखायची, पाणी साचू द्यायचे नाही आणि भाजी सर्व घरांत वाटायची, अशा अटींवर एका वर्षाची परवानगी मिळाली.

आता पाला हवा होता, आणि पाला शोधण्यासाठी आजोबा एका पहाटे खाली उतरले.

डिसेंबरचा महिना होता. धुक्यात फाटकाशी एक तांबूस ठिपका दिसत होता. रात्रपाळीचा चौकीदार शेकोटीपाशी उकिडवा बसला होता. रस्त्याकडेच्या झाडांचा पाला सफाई कामगार रोज झाडून फाटकाशी ढीग लावी, आणि तो दवाने ओलसर झालेला पाला, त्यात मिसळलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसह, रात्रभर धुमसत राही. ज्वाळा थोड्या आणि धूर फार. दुसऱ्या मजल्यावरची नातवाची खिडकी बरोबर त्या ढिगाच्या वर होती. ती बंद होती. पण तिच्या फटीतून धूर आत जात असणार, हे कळायला शास्त्राची गरज नव्हती. जो पाला आजोबा माती करण्यासाठी शोधत होते, तोच रोज रात्री नातवाच्या उशाशी जळत होता.

त्या दिवशी नातीने कागदावर दुसरे गणित मांडले. ओला पाला धुमसत जळताना किलोमागे काही ग्रॅम सूक्ष्म कण हवेत सोडतो. तो आकडा कमीत कमी, म्हणजे पाच ग्रॅम, धरला आणि रोज दहा किलो पाला जळतो असे मानले, तरी एका रात्रीत ५० ग्रॅम कण होतात. गच्चीवरची शंभर चौरस मीटरांची बाग वर्षभर राबून जेवढी धूळ गोळा करील, तेवढी फाटकाशी केवळ तीन रात्रींत तयार होत होती.

हे गणित अंदाजाचे होते. पण त्याने प्रश्नाची दिशा बदलली. गच्चीवरची पाने हवेतून काय काढून घेतात, यापेक्षा त्या बागेमुळे हवेत काय जायचे थांबते, हा प्रश्न मोठा होता. बागेला पाला लागतो, म्हणून पाला जळत नाही. बागेला स्वयंपाकघरातला कचरा लागतो, म्हणून तो शहराबाहेरच्या डोंगरावर जाऊन पडत नाही. त्या डोंगरांचे काय होते, हे जानेवारी २०१६ मध्ये मुंबईने अनुभवले आहे. देवनारच्या कचराभूमीला आग लागली आणि तिचा धूर अनेक दिवस शहरावर पसरला. काही शाळा बंद ठेवाव्या लागल्या. कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून निघणारा ज्वलनशील वायू अशा आगींना खतपाणी घालतो. तोच कचरा गच्चीवर पसरून, उलथून, हवेशीर ठेवून कुजवला, तर त्याची माती होते.

आयुर्वेदात औषधाआधी पथ्य सांगितलेले असते. हवेच्या आजारालाही तोच नियम लागू आहे. दिल्लीतच याचे उदाहरण घडले. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली आदेश दिल्यानंतर २००२ च्या अखेरीस शहरातील डिझेलच्या सार्वजनिक बसगाड्या नैसर्गिक वायूवर आणल्या गेल्या आणि रस्त्यावरील काळ्या धुराचे लोट ओसरले. पुढे वाहनांची संख्या वाढत गेल्याने त्या लाभाचा बराच भाग पुसला गेला, ही गोष्ट वेगळी. पण धूर कमी करायचा असेल तर तो आधी सोडू नये, हा धडा त्यातून मिळतोच. छपरावर बाग केली म्हणून रस्त्यावर आणखी एक मोटार आणण्याचा परवाना मिळत नाही. हिरवे छप्पर हे औषध आहे; पथ्य सोडून घेतलेले औषध गुण देत नाही.

शेकोटी विझवणे सोपे होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ साली उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी घातली होती आणि त्यासाठी ५,००० रुपयांपासून दंडही ठरवला होता. सभेत कोणीतरी तो नियम वाचून दाखवला आणि चौकीदाराला ताकीद द्यावी, असे सुचवले. आजोबा उठून उभे राहिले. ते म्हणाले, “त्याची थंडी कोणी वाचून दाखवली नाही.” सभा गप्प झाली. चौकीदाराची चौकी म्हणजे तीन बाजूंनी पत्रा आणि चौथ्या बाजूने रस्ता. तो घरी जाई तेही पत्र्याखालीच. बाग फुलवण्यासाठी भक्कम गच्ची लागते, ती ज्यांच्याजवळ आहे त्यांनी हवेच्या शुद्धतेवर बोलावे आणि ज्यांच्याजवळ पत्रा आहे त्यांनी दंड भरावा, हा न्याय नव्हे. धूर सर्वांत जवळून तो चौकीदारच घेत होता, कारण ऊब मिळवण्याचा त्याच्यापाशी दुसरा मार्ग नव्हता. घरटी थोडी वर्गणी काढून चौकीला चौथी भिंत आणि विजेचा हीटर आला. त्या रात्रीपासून पाला जळला नाही. सकाळी पाल्याची पोती गच्चीवर जाऊ लागली, आणि ती वर नेण्यास पहिल्यांदा हात लावला तो चौकीदाराने.

फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब आणि पिंपळ यांची पानगळ झाली, तेव्हा पोत्यांची संख्या दुप्पट झाली. वाफ्यांत पालक, मेथी, वांगी आली. कठड्यालगत तुळस आणि गवती चहा आला. वरच्या मजल्यावरील कुटुंबाने उन्हाळ्यात सांगितले, की लागवडीखालची खोली रात्री लवकर निवते. पहिल्या वर्षाची परवानगी संपली, तेव्हा ती वाढवून घेण्यासाठी आजोबांना बोलावे लागले नाही.

नातवाचा दमा गेला नाही. अशा एका गच्चीने तो जाणारही नव्हता. नोव्हेंबर आला की दिल्लीचे आकाश अजूनही खाली उतरते आणि त्याच्या दप्तरात औषधाचा पंप असतो. पण फाटकाशी धुमसणारा ढीग गेल्यापासून त्याच्या खिडकीखाली धूर साचत नाही. एवढेच काम एका इमारतीच्या हातात होते आणि तेवढे तिने केले. उरलेले काम रस्त्यांचे, कारखान्यांचे, शेतांचे आणि शासनाचे आहे. मात्र ते त्यांच्याकडे मागण्याचा अधिकार, आपल्या दाराशी धूर करणे थांबवल्यानंतरच माणसाला प्राप्त होतो.

जुलैच्या पहिल्या पावसानंतर एका सकाळी आजोबा नातवाला घेऊन गच्चीवर गेले. वांग्याच्या वाफ्यात, कोणीही न पेरलेले, बारीक हिरवे गवत उगवून आले होते. नातू वाकला आणि ते उपटू लागला. सवयीने आजोबांचाही हात खुरप्याकडे गेला होता. मग त्यांनी वाफ्याखालच्या विटांमधून वाकून पाहिले. फरशी कोरडी होती, पाणी उताराने निघून जात होते. त्यांनी खुरपे बाजूला ठेवले आणि म्हणाले, “कडेचे राहू दे. हे छप्पर गळत नाही.”